साडेचार हात

गोठ्यातलं दूध कमी होतंय हे थोरलीला, घरच्या मोठ्या सुनेला, पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण अधिकृतरीत्या ते कमी झालं तीन आठवड्यांनी, धाकट्याने, तिच्या दिराने, मोबाईलवर त्याचा आलेख काढला तेव्हा. या घरात आलेख निघाल्याशिवाय काही घडत नसे. मशीन लावण्याआधी थोरली प्रत्येक सडातून दोन धारा हाताने काढून पाहायची, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने कास हाताला लागताच आज किती निघणार हे तिला समजायचं. तिने ते जेवताना दोनदा सांगितलंही. पण तिचं सांगणं म्हणजे कुरकुर, आणि धाकट्याची लाल रेघ म्हणजे माहिती. माहिती आल्यावर मात्र घर खडबडून जागं झालं आणि रविवारी सकाळी दहाला बैठक ठरली.

रेघ तीनशे दहा लिटरवरून दोनशे चाळीसवर उतरली होती. गाई त्याच बावीस, गोठा तोच, थोरल्याच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातची कुट्टी तीच. म्हणजे बदललं काय, असा प्रश्न धाकट्याने सगळ्यांना मेसेज करून विचारला होता. गेल्या महिन्यात गोठ्यात जे जे बदललं ते सगळं त्यानेच बदललं होतं, ही बारीकशी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही आणि इतरांनी ती आणून दिली नाही. जुना सिमेंटचा हौद पाडून त्याने अकरा स्टीलच्या वाट्या बसवल्या होत्या, दोन गाईंत एक. गाईने नाकाने आतली पट्टी दाबली की पाणी आपोआप येणार. वर सहा मोठे पंखे. शिवाय आठ जोड रबरी बूट, पांढरेशुभ्र, दाराशी एका मांडणीवर नावानिशी लावलेले. एका मोठ्या डेअरीला तो भेट देऊन आला होता आणि रोग माणसांच्या पायांनी येतात असं तिथे कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून बुटाशिवाय गोठ्यात पाऊल टाकणं हा या घरातला सर्वांत मोठा गुन्हा झाला होता.

हौद मालकांनी स्वतः बांधलेला होता. मालक म्हणजे या भावंडांचे वडील, पण पोरं लहान असताना गडीमाणसांचं ऐकून तीही त्यांना मालकच म्हणू लागली, आणि पुढे बायकोही. ती जाऊन सहा वर्षं झाली. हौदाचा गिलावा ओला असताना तिने त्यात बोटाने तारीख काढली होती. हौद पाडला त्या दिवशी मालक खिडकीत उभे होते. ते काही बोलले नाहीत, कारण सुधारणेच्या आड येणारा म्हातारा व्हायचं नाही असं त्यांनी फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. घसरून पडून गुडघा दुखावल्यापासून वर्षभर त्यांना गोठ्यात जायला बंदीच होती. तेव्हा ते आता खिडकीतूनच मालक होते.

बैठक जेवणाच्या टेबलाभोवती भरली. धाकट्याने पांढरा फळा आणून फ्रिजला टेकवून ठेवला होता. त्यावर तीन मुद्दे होते. एक, दूध. दोन, वहिनींची विश्रांती. तीन, इतर.

थोरली सकाळची भांडी विसळून हात पुसत आली आणि दुसरा मुद्दा तिने उभ्या उभ्याच वाचला. तिला विश्रांती हवी आहे हे तिला फळ्यावरून समजलं. आपल्याला कोणी काढून टाकत नाही, आपली काळजी घेतली जाते आहे, हे इतक्या ठळक अक्षरांत लिहिलेलं तिने पुन्हा एकदा वाचलं. ती खुर्ची ओढून बसली.

माहेरवाशीण आदल्या संध्याकाळीच येऊन दाखल झाली होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी घरात ती माहेरवाशीणच होती, कारण दर बैठकीला ती येई आणि आपल्याला आता इथलं काय कळतं, असं म्हणून सगळ्यांत जास्त बोलत असे. तिच्यासोबत जावई होते. जावई जनावरांच्या खाद्यात मिसळायची खनिज पावडर विकत. सासरच्या गोठ्यात ती सवलतीत येत होती आणि सल्ला फुकट.

सुरुवात जावयांनीच केली. दूध कमी झालं हे खरं, पण फॅट वाढलं आहे, हे कोणी पाहिलं का? तीन पूर्णांक आठवरून चार पूर्णांक तीन. हा आपल्या पावडरीचा गुण आहे. दूध थोडं पण दाट, हीच पुढच्या काळाची दिशा आहे असंही ते म्हणाले. मालकांनी मान डोलावली. जावयाच्या बोलण्याला मान डोलावणं त्यांना गुडघा वाकवण्यापेक्षा सोपं जाई.

मग धाकटी, धाकट्याची बायको, बोलली. ती एका कचेरीत माणसांची नेमणूक आणि रवानगी पाहायची, त्यामुळे ताण या विषयावर तिचा अधिकार होता. गाईंना ताण आला आहे, असं तिचं मत पडलं. गोठ्यातला आवाज, घाई, ओरडणं. तिने मागेच एक छोटा स्पीकर दिला होता, मंद संगीतासाठी, आणि तो ताईंनी, म्हणजे थोरलीने, खुंटीला टांगून ठेवला, लावलाच नाही. सांगताना तिचा आवाज इतका मऊ होता की थोरलीला क्षणभर वाटलं, आपणच बावीस गाईंवर ओरडत असतो की काय.

थोरल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “चारा तोच आहे. मुरघासही तोच.” हे त्याचं त्या बैठकीतलं सर्वांत मोठं भाषण. थोरला बोलायला कंजूष होता असं नाही. आपण बोललो की कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं, हे त्याने लहानपणीच हेरलं होतं, आणि धाकटा भाऊ आणि बायको यांच्यामध्ये पन्नाशीपर्यंत तो कुट्टी मशीनच्या आवाजाच्या आडोशाने जगला होता.

राहिली माहेरवाशीण. तिने थोरलीच्या हातावर हात ठेवला. तिचं हे हात ठेवणं थोरली ओळखून होती.

“वहिनी, तू किती खंगलीस गं,” ती म्हणाली. “माझं ऐक, दोष कोणाचाच नाही. पण हात थकतो माणसाचा. गाईला हाताचं कळतं. आईचा हात थकला तेव्हा नाही का दूध तुटलं होतं?”

आई थकली तेव्हा दूध तुटलं नव्हतं. तेव्हा सगळा गोठा थोरलीने उचलला होता आणि दूध चाळीस लिटरने वाढलं होतं. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. थोरला मीठदाणीचं झाकण उघडत आणि लावत होता.

धाकट्याने मग सगळ्यांचं बोलणं फळ्यावर उतरवलं आणि निःपक्षपातीपणा म्हणून डॉक्टरांना फोन लावला. जनावरांचे डॉक्टर रविवारीही कुठल्यातरी गोठ्यात गाईच्या मागे उभे होते. फोन स्पीकरवर होता आणि मागे एक गाय हंबरत होती. डॉक्टरांनी पटापट विचारलं. कासेला सूज? नाही. ऊन? पंखे बसवलेत, दिवसरात्र चालू असतात. विण्याच्या तारखा? ठीक. पाणी?

“पाणी चोवीस तास उपलब्ध आहे, डॉक्टर,” धाकटा म्हणाला. “ऑटोमॅटिक.”

“उपलब्ध आहे ते झालं. पितात किती?”

“लागेल तेवढं.”

“म्हणजे किती ते पाहा. दुधावरच्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर लागतं. मी मंगळवारी येतो.” मग डॉक्टर कुणावर तरी ओरडले आणि फोन बंद झाला.

धाकट्याने फळ्यावर लिहिलं, ‘पाणी: ठीक.’

“ठीक नाही,” थोरली म्हणाली. “पीत नाहीत त्या. चाटतात.”

“म्हणजे?”

“मांजरासारख्या. तोंड आत घालत नाहीत. जीभ लावतात आणि मागे होतात. पंधरा दिवसांपूर्वी मी सांगितलं होतं तुम्हाला.”

जावई हसले. मांजरासारख्या, असं त्यांनी पुन्हा म्हटलं आणि माहेरवाशीणही हसली. धाकटा हसला नाही. वाट्या त्याच्या होत्या. त्याने अतिशय समजूतदारपणे सांगितलं की नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो, जनावरांना लागतो आणि काही माणसांनाही लागतो. वहिनींना तर बूट घालायची सवय व्हायला दहा दिवस लागले होते. आणि वाटीत काही वाईट असतं तर वहिनींनी स्वतः हात घालून पाहिलाच असेल की.

पाहिला होता. तीनदा. पाणी स्वच्छ होतं, गार होतं, वास नव्हता. थोरलीला तेही खरं सांगावं लागलं. आपला मुद्दा तिने आपल्याच तोंडाने पाडला.

दुसऱ्या मुद्द्याला मग फार वेळ लागला नाही. धाकट्याने एक पदवीधर मुलगा पाहून ठेवला होता, दुग्धशास्त्र शिकलेला. तो गोठा सांभाळेल. वहिनी दह्याच्या डब्यांना लेबलं लावण्याचं काम बघतील, तेही बसून, सावलीत. एवढी वर्षं पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवं? सगळ्यांच्या मताने व्हावं म्हणून हात वर करून ठरवू, असं त्याने सुचवलं. त्याचा पहिला हात वर झाला. मग धाकटीचा, मग जावयांचा. जावयांना इथे मत होतं का हा प्रश्न कोणाला पडला नाही. मग माहेरवाशिणीचा, तिचा तर थोरलीच्या हातावरूनच उठून वर गेला.

थोरलीने पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्याने हात टेबलावरून उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. धड वर नाही, धड खाली नाही. एखाद्याने माशी हाकलायला हात उचलावा आणि माशी तोवर उडून जावी, तसा तो हवेत राहिला. त्याला वाटत होतं की ही खरंच दमली आहे, पाठ धरते तिची, बसून काम मिळालं तर बरंच. त्याला असंही वाटत होतं की हे आत्ता म्हणणं म्हणजे तिला बुडवणं आहे. दोन्ही खरं वाटलं म्हणून हात मधोमध राहिला. धाकट्याने तो मोजला.

“साडेचार,” मालक म्हणाले. ते विनोद करत नव्हते. “ठरलं मग.”

चार हातांचं थोरलीला काही विशेष वाटलं नाही. ते कधीपासून वर जायला टपलेलेच होते. तो अर्धा मात्र तिला लागला. ती उठली.

“चला,” ती म्हणाली. “ताबा घ्या.”

धाकटा म्हणाला, एवढी काय घाई आहे, मुलगा एक तारखेला यायचा आहे. थोरली म्हणाली, तोवर दूध कोण काढणार ते फळ्यावर लिहिलेलं नाही, आणि मी आता विश्रांतीवर आहे. ती दाराकडे निघाली तशी बैठक नाइलाजाने तिच्या मागे निघाली. सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, मालक. वर्षभराची बंदी त्यांनी कोणाला न विचारता मोडली. गोठ्याच्या दाराशी मांडणीवरचे बूट सगळ्यांनी आपापल्या नावाचे चढवले. ‘मालक’ लिहिलेला जोड अजून कोराच होता. धाकट्याने वाकून तो त्यांच्या पायांत घातला.

गोठा नुकताच धुतलेला होता. खाली ओली फरशी, वर सहा पंख्यांची घरघर. गाई उभ्या होत्या, बसलेल्या फार कमी. धाकट्याने प्रत्येकीच्या कानात नंबर लावले होते, पण थोरलीने ताबा नावांनी दिला. ती ओळीने चालत गेली. ही भोळी, हिला शेवटी घ्या, ती थांबते. ही हट्टी, हिच्या उजव्या बाजूने गेलात तर पान्हा चोरते. ही पहिलटकरीण, हिच्याशी बोलत राहावं लागतं, काहीही बोला, फक्त गप्प राहू नका. आणि ही वकीलीण.

वकीलीण गोठ्यातली सर्वांत जुनी गाय. समोरच्याकडे टक लावून पाहत सावकाश रवंथ करायची आणि त्याला आपलंच काहीतरी चुकल्याची खात्री पटवायची. “हिचा डावा मागचा सड दुखरा आहे,” थोरली म्हणाली. “त्याला आधी हात लावायचा नाही. तिला विचारायचं आधी.”

“कसं विचारायचं?” धाकटीने खरंच विचारलं. तिच्या आवाजात या वेळी काही मऊ घातलेलं नव्हतं.

“पाठीवर हात ठेवून थांबायचं. तिने कान मागे घेतला की हो.”

सांगता सांगता थोरलीचा आवाज चिरकला, आणि तो चिरकला याचा तिला राग आला. तिने तिथेच गव्हाणीचा दांडा धरून एकेक बूट ओढून काढला आणि जोड धाकटीच्या हातात दिला. हे पण घ्या, ती म्हणाली, त्या पदवीधराच्या मापाचे नसतील, पण नियम नियम आहे. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिने सवयीने हात धुवायला वकीलिणीच्या वाटीत घातले.

आणि झटकन बाहेर काढले.

पहिल्यांदा तिला वाटलं, संतापाने आपलाच हात थरथरला. माणसाचा इतका अपमान झाला तर बोटांना मुंग्या येऊ शकतात. तिने पुन्हा एक बोट बुडवलं. बोटातून कोपरापर्यंत काहीतरी सणसणत गेलं आणि तळपायांतून निघून गेलं. फार मोठं नाही. मुंगी चावावी तेवढं. ती पुढच्या वाटीपाशी गेली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वाटीत मुंगी होती.

ती मागे वळून बोलणार होती, पण आधी तिला दुसरंच आठवलं. गेल्या आठवड्यात तिने वकीलिणीचं तोंड दोन्ही हातांनी धरून या वाटीत दाबलं होतं. पी गं बाई, नखरे पुरे झाले, असं म्हणाली होती. त्यानंतर पाठीत एक धपाटाही घातला होता. वकीलीण मागे सरली होती आणि नेहमीसारखी टक लावून बघत राहिली होती. बैठकीत जे आलं नव्हतं ते पाणी आता थोरलीच्या डोळ्यांत आलं. तीन आठवडे या सांगत होत्या, आणि मी पायात रबर घालून यांना खोटं पाडत होते, असं तिला वाटलं. घरात तिचं जे झालं तेच तिने गोठ्यात केलं होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “बूट काढा.”

“वहिनी, आता कृपा करून नियम मोडू नका. आधीच तुम्ही...”

“बूट काढा आणि वाटीत हात घाला.”

धाकट्याने इकडे तिकडे पाहिलं. स्वच्छतेबद्दल तो काहीतरी बोलू लागला, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. मालक पेंडीच्या पोत्यावर बसले होते आणि थोरल्यापुढे पाय लांब केला होता. थोरल्याने मुकाट्याने त्यांचे दोन्ही बूट ओढून काढले. मालक काठी टेकत उठले, पांढरेफटक पाय फरशीवर ठेवले आणि वाटीत हात घातला. हात त्यांनी लगेच काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला, जसा काही कुणाचा निरोप ऐकत आहेत.

“चावतंय,” ते शेवटी म्हणाले. “पंखे बंद कर.”

थोरला भिंतीकडे गेला. घरघर थांबली आणि गोठा एकदम इतका शांत झाला की गाईंचा श्वास ऐकू आला. मालकांनी पुन्हा हात घातला. काही नाही. लाव, ते म्हणाले. पंखे फिरले, मालकांचा हात बाहेर. बंद कर. पुन्हा काही नाही. मग त्यांनी काठी वर करून दाखवलं. पंख्यांची वायर पाण्याच्या लोखंडी नळाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सुंदर बांधली होती, दर हातावर एक प्लास्टिकची पट्टी, एका रेषेत. पंख्यांच्या थरथरीने एका ठिकाणी ती घासून आतलं तांबं दिसत होतं आणि ते नळाला टेकलं होतं.

“हे कुणी बांधलं?”

“वायरमनने...” धाकटा म्हणाला आणि थांबला. वायरमनने वायर भिंतीवरून वेगळी काढली होती. ती लोंबते, नीट दिसत नाही, म्हणून एका रविवारी शिडीवर चढून त्यानेच ती नळाला बांधली होती. फोटोही काढला होता. तोच फोटो त्याने सगळ्यांना पाठवला होता आणि जावयांनी त्याला अंगठा दिला होता. हे सगळं त्याला एकदम आठवलं. त्याने बूट काढले आणि वाटीत हात घालण्याआधी स्वतःच जाऊन पंखे लावले. त्याचा हात झटक्यासरशी बाहेर आला. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याला आजवर कोणी अनवाणी उभं केलं नव्हतं.

माहेरवाशीण जावयांना हळूच विचारत होती की मग फॅट कशाने वाढलं. तहानेने, असं थोरली तिकडे न बघताच म्हणाली. जावयांनी आपल्या पावडरीबद्दल त्या दिवशी पुन्हा काही सांगितलं नाही, आणि हा त्या बैठकीचा एकमेव निर्विवाद फायदा.

पंखे बंद झाले, वायर सोडली. धाकट्याने वकीलिणीची वाटी पट्टी दाबून भरली आणि तिच्यासमोर उभा राहिला. पी, तो म्हणाला, आता काही नाही. वकीलिणीने त्याच्याकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. मग मान वळवून रवंथ करू लागली.

“पीत का नाही? बरं झालंय ना आता.”

“ते तुम्हाला माहीत आहे,” थोरली म्हणाली. “तिला कोणी सांगितलंय?”

“मग किती दिवस लागतील?”

“तिचा विश्वास बसेपर्यंत. तोवर बादल्यांनी.”

हिशोब सगळ्यांनी मनातल्या मनात केला. बावीस गाई, सत्तर लिटर. कोणी तो मोठ्याने म्हटला नाही. मालकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, सूनबाई, दुसरा मुद्दा मी रद्द करतो, ते फळ्यावरचं पुसून टाकू. त्यांना वाटलं, आता ती रडेल किंवा नमस्कार करेल, आणि आपण तिच्या डोक्यावर हात ठेवू. असे प्रसंग त्यांना आवडत.

“नको, बाबा,” थोरली म्हणाली. “ठराव झालाय. बहुमताने मला विश्रांती दिली आहे, ती मी आज घेणार. संध्याकाळच्या धारांना मी येईन, गोठा कुणाच्या ताब्यात जाणार नाही. पण तोवर मी बसणार आहे.”

आणि ती पेंडीच्या पोत्यावर, पुन्हा येऊन टेकलेल्या मालकांच्या शेजारी, खरंच बसली. भिंतीशी रिकाम्या बादल्यांची चळत होती. तिकडे तिने बोट दाखवलं.

“ज्यांनी ज्यांनी हात वर केले, त्यांनी घ्या एकेक.”

धाकट्याने पहिली घेतली. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. धाकटीने थोरलीचे बूट जागेवर ठेवले आणि दुसरी उचलली. जावयांना कंबरेचा जुना त्रास आठवला, पण माहेरवाशिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो लगेच बरा झाला, आणि ती दोघं एकामागून एक नळाकडे गेली. हौदाच्या जागी उरलेल्या नळावर पाळी लावून चौघं उभी राहिली. टेबलाभोवती त्यांची एवढी शिस्तबद्ध रांग कधी लागली नव्हती.

थोरला पाचवी बादली हातात घेऊन थोरलीपुढे येऊन थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तिच्या पाठीबद्दल, पहाटेबद्दल, मधोमध राहिलेल्या हाताबद्दल. सव्वीस वर्षांत न जमलेलं बोलणं एका बादलीच्या आधाराने जमेल असं त्याला वाटलं असावं.

“माझा अर्धाच होता,” तो म्हणाला.

“पाहिला मी,” थोरली म्हणाली. “बादली मात्र पूर्ण भरा.”

त्याने ती काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी धरून, न सांडता आणली आणि वकीलिणीपुढे ठेवली. वकीलिणीने नाक पाण्याला लावलं, थांबली, आणि मग तोंड पार आत घातलं. ती पीत असताना गोठ्यात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. बादलीचा तळ लागल्यावर तिने मान वर केली आणि थोरल्याकडे टक लावून बघत दुसरीची वाट पाहू लागली.